घरात जुने काहीच नाही म्हणणाऱ्यांचा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा मी बिचकलेच. मी इतिहासकार नाही. डी.एड. झाले आणि तेव्हापासून पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे. आधी कोल्हापूर जिल्ह्यात आणि पुढे यजमानांच्या नोकरीमुळे कुवेतमधल्या महबूला येथे. त्यामुळे जे वर्गात अनुभवले तेच लिहिते.

लहान मुलाला सनावळी कळत नाही, पण वस्तू कळते. हा धडा मला कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाने दिला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 साली उत्खनन झाले. तिथे मिळालेल्या वस्तूंत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी कांस्यमूर्ती होती. मुलांना घेऊन गेले तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, कोल्हापुरात समुद्र नाही, मग समुद्राचा देव कसा आला?" त्या एका प्रश्नावर मी आठवडाभर शिकवले. भूमध्य समुद्र, जहाजे, कोकणातली बंदरे, घाटवाटा आणि सातवाहनांच्या काळातला व्यापार, सगळे त्यात आले. पुस्तकातून हे शिकवताना मुले जांभया देत असत.

महबूला हे कुवेत शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी असलेले गाव. गाव म्हणायचे एवढेच. उंच इमारती, एकेका खोलीत दाटीने राहणारे कामगार आणि पहाटे त्यांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्या. शुक्रवारी शाळेला सुट्टी असते. त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत मराठीचा वर्ग भरतो. शिवरायांच्या गोष्टी मुलांना आवडतात. पण एकदा एकाने विचारले, "बाई, आपण जिथे राहतो तिथला इतिहास नाही का?" मला उत्तर देता आले नाही. मग मीच शिकायला लागले.

कुवेत शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर समुद्रात फैलाका बेट आहे. 1958 पासून डॅनिश संशोधकांनी तिथे उत्खनन केले. सुमारे 4,000 वर्षांपूर्वीची दिल्मुन संस्कृतीची वस्ती तिथे सापडली. मऊ दगडाच्या, साधारण जुन्या रुपयाच्या नाण्याएवढ्या शेकडो गोल मुद्रा मिळाल्या. त्यांवर बैल, हरणे, माणसे कोरलेली आहेत. मालावर शिक्का मारण्यासाठी अशा मुद्रा वापरत. गुजरातमधल्या लोथल येथे एस. आर. राव यांना याच घडणीची एक गोल मुद्रा मिळाली. म्हणजे आपल्या किनाऱ्याचे आणि या आखाताचे नाते तेलापेक्षा फार जुने आहे.

अगदी अलीकडेपर्यंत ते तसेच चालत आले. कुवेतची 'बूम' जातीची मोठी शिडाची जहाजे मलबारच्या सागवानाची बनत. ती खजूर घेऊन मुंबईला जात. इथले मोतीही मुंबईच्या बाजारात विकले जात. 1923 पासून इथे भारताचीच टपाल तिकिटे 'कुवेत' असा शिक्का मारून चालत होती. दिनार आला 1961 साली. त्याआधी व्यवहार रुपयात होत असे. हे ऐकून मुले उठून उभीच राहिली. तोवर त्यांना वाटत होते की आपण इथे उपरे आहोत आणि आपले वडील पहिलेच आलेले आहेत.

कुवेतचे राष्ट्रीय संग्रहालय पाहायला गेलो तेव्हा दुसराही धडा मिळाला. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. संग्रहातल्या वस्तू बगदादला नेल्या गेल्या, इमारतीला आग लावली गेली. संग्रहालयाचे 'मुहल्लब' हे बूम जहाजही जळाले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने बऱ्याच वस्तू परत आल्या. त्या ओळखता आल्या, कारण त्यांची नोंद होती. ज्या वस्तूची नोंद नाही, तिच्यावर हक्क तरी कसा सांगणार?

परत आल्यावर मी मुलांना सांगितले, पुढच्या शुक्रवारी घरातली एक जुनी वस्तू आणा. आपण आपले संग्रहालय मांडू. कोणी आजीचा अडकित्ता आणला, कोणी पितळी फुलपात्र, कोणी ध्वनिफीत. पूर्वी फोन परवडत नसे तेव्हा माणसे पत्राऐवजी बोलणे टेप करून गावी पाठवीत, तशी ती फीत होती. एक मुलगा मात्र रिकाम्या हाताने आला. त्याचे वडील बांधकामावर परांची बांधतात. तो खाली मान घालून म्हणाला, "आमच्या घरात जुने काहीच नाही, बाई. पप्पा एक बॅग घेऊनच आले होते."

मी म्हटले, "मग तीच बॅग आण."

पुढच्या शुक्रवारी त्याचे वडीलच बॅग घेऊन आले. चेन तुटलेली, कडेला सुतळीने शिवलेली. पहिल्या वेळी तिच्यात काय काय आणले होते ते त्यांनी सांगितले: दोन जोड कपडे, कुळथाचे पीठ, देवाची तसबीर. मुले प्रश्न विचारत होती आणि ते उत्तरे देत होते. जाताना मला म्हणाले, "बाई, हे कोणी विचारील असे वाटले नव्हते."

त्या दिवशी मला आपली, म्हणजे हे वाचणाऱ्या तुमची, आठवण झाली. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख माणसे गिरमिटावर मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात उतरली. त्यांत मुंबईहून गेलेली, कोकणातली आणि देशावरची आपली माणसेही होती. त्यांच्याही गाठोड्यात याहून जास्त काय असणार? पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा ठरला. तिथे राजवाडा नाही, किल्ला नाही. जेमतेम 1,640 चौरस मीटर जागा. तीत पायऱ्या, इस्पितळाच्या इमारतीचे अवशेष, स्वयंपाकघर आणि शौचकूप यांच्या खुणा. गरीब माणसाचा इतिहास याच गोष्टींत असतो. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळचे दप्तर आहे. त्यात माणसाचा क्रमांक, गाव, जहाज अशा नोंदी आहेत. कित्येकांची छायाचित्रेही आहेत. ते दप्तर मालकांच्या सोयीसाठी लिहिले होते. आज तेच नातवंडा-पतवंडांना आजोबांचा चेहरा दाखवते.

महबूलाच्या माणसाची स्थिती वेगळी आहे, हे मी जाणते. तो विमानाने येतो आणि करार संपल्यावर परतही जातो. गिरमिटाची तुलना मी त्याच्याशी करत नाही. पण मागे काही न ठेवता जाणे दोघांच्याही नशिबी आहे. ओळखपत्र परत द्यावे लागते, खोली दुसऱ्याला मिळते.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझे सांगणे साधे आहे. मुलांना संग्रहालयात न्या, पण सगळी दालने एका दिवसात दाखवू नका. एका वस्तूपुढे बसवा आणि पाच प्रश्न विचारा: ही कशाची आहे? कोणी केली? कोणी वापरली? इथवर कशी आली? आणि ती का जपली गेली? वस्तूचे चित्र काढायला लावा. चित्र काढताना मूल नीट पाहते. मग घरी येऊन तेच पाच प्रश्न घरातल्या वस्तूला विचारायला सांगा. संग्रहालय दूर असेल तर छायाचित्रावर भागते.

आणि आपल्या घरात आजीचे जाते, देव्हाऱ्यातला टाक, जुना कागद, झाकरीची झांज, काहीही असेल तर ते कोणाचे, कुठून आले, हे एका वहीत लिहून ठेवा. सांगणारे माणूस आहे तोवरच लिहा. माणूस गेले की वस्तू मुकी होते.

आमच्या शुक्रवारच्या वर्गातली ती बॅग तिच्या मालकाबरोबर परत गेली. मुलांनी काढलेले तिचे चित्र आणि तिच्याविषयीची दोन पाने मात्र माझ्याकडे आहेत. वर क्रमांक टाकला आहे: 1.