वळकटी, लोकर आणि निघून जाण्याचा हक्क

ऑस्ट्रेलियन कथा वाचताना मराठी वाचक पहिल्यांदा अडखळतो तो 'स्टेशन' या शब्दापाशी. आपल्या कानांना त्यातून फलाट आणि शिट्टी ऐकू येते. तिथे मात्र स्टेशन म्हणजे देशाच्या कोरड्या अंतर्भागात हजारो, कधी लाखो एकरांवर पसरलेला मेंढ्यांचा वा गुरांचा मळा. असाच दुसरा फसवा शब्द 'ट्रॅव्हलर'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशनच्या दारात हा शब्द उच्चारला जाई तो हौसेने देश पाहणाऱ्यासाठी नव्हे; काम शोधत पायी हिंडणाऱ्या मजुराला ट्रॅव्हलर म्हणत. प्रवासी आणि मजूर यांत तिथे भेद नव्हता. या माणसाभोवती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय साहित्याचा मोठा भाग उभा राहिला. त्याचा दिवस प्रत्यक्षात कसा जात असे आणि साहित्याने त्या दिवसाचे काय केले, हे दोन प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत असे मला वाटते.

यासाठी सर्वांत सोयीचा साक्षीदार म्हणजे हेन्री लॉसन (१८६७–१९२२). १८९२ च्या जुलैत सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात लॉसन आणि बँजो पॅटरसन यांच्यात कवितांतून वाद सुरू झाला. अंतर्भागातले जीवन मोकळे आणि रम्य आहे, ही पॅटरसनची बाजू; ते रखरखीत आणि माणसाला झिजवणारे आहे, ही लॉसनची. गंमत अशी की वाद घालताना दोघेही सिडनीत राहत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात संपादक आर्चिबाल्ड यांनी लॉसनच्या हाती ५ पौंड आणि बर्क गावाचे रेल्वेचे तिकीट ठेवले. बर्क हे सिडनीपासून सुमारे ८०० किलोमीटरवर, डार्लिंग नदीकाठचे लोकरीच्या व्यापाराचे ठाणे. लॉसन तेव्हा पंचविशीचा होता आणि लहानपणच्या कानाच्या दुखण्याने जवळजवळ बहिरा झालेला होता. बर्कमध्ये त्याने आधी घरे रंगवण्याचे काम केले. मग टूराली स्टेशनच्या लोकर-शेडमध्ये तो 'राऊसअबाउट' म्हणून लागला. राऊसअबाउट म्हणजे वरकामाचा गडी.

शेडमधला दिवस घंटेने सुरू होई आणि घंटेनेच संपे. कातरणारे ओळीने उभे राहत. प्रत्येकाने कुडातून मेंढी ओढून आणायची, तिला गुडघ्यांत धरून अंगावरची लोकर शक्यतो अखंड उतरवायची, बोडकी मेंढी बाहेर ढकलायची आणि पुढची धरायची. लोकर जमिनीवर पडली की वरकामाच्या गड्याचे काम सुरू. ती न फाटता उचलायची, धावत जाऊन टेबलावर चादरीसारखी पसरायची, कडेचा मळका भाग तोडायचा. मग जाणकाराने प्रत ठरवायची आणि दाबयंत्राखाली गासड्या बांधल्या जायच्या. खाली उरलेल्या झुपक्यांचा केर सतत काढत राहायचा. कात्रीने मेंढीच्या कातड्याला चीर गेली की डांबरासाठी ओरड होई आणि डांबराचे भांडे घेऊन पोर धावे. घाम, शेण, लोकरीतली चरबी आणि तापलेला पत्रा यांचा वास एकमेकांत मिसळलेला असे.

या धावपळीमागे एक साधे अर्थशास्त्र होते. कातरणाऱ्याची मजुरी नगावर. शंभर मेंढ्यांमागे १ पौंड हा युनियनचा दर. त्यामुळे त्याला वेग हवा. वरकामाच्या गड्याला आठवड्याचे वेतन. वेग वाढल्याने त्याच्या पदरात एक पेनीही जास्त पडत नसे, पण त्या वेगाबरोबर धावणे त्यालाच भाग होते. याच १८९२ च्या ऑक्टोबरात क्वीन्सलंडमधील अ‍ॅलिस डाउन्स येथे जॅकी हाउ याने हातकात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. तो विक्रम इतिहासात राहिला. त्या ३२१ मेंढ्यांची लोकर उचलून नेणाऱ्या हातांची नोंद कोणी विक्रम म्हणून केली नाही. लॉसनने शेड पाहिली ती या हातांच्या बाजूने, आणि शेडविषयीच्या त्याच्या लेखनात जो वैताग आहे त्याचे मूळ इथे आहे.

हंगाम संपला की शेड रिकामी होई आणि माणसे रस्त्यावर येत. लॉसन आणि त्याचा सोबती जिम गॉर्डन हे ऐन उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, बर्कहून क्वीन्सलंडच्या सीमेवरील हंगरफर्डपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर चालत गेले. पाठीवर 'स्वॅग', म्हणजे आपली वळकटीच: कांबळ्यात गुंडाळलेला सारा संसार. हातात 'बिली', म्हणजे चहा उकळायचा कडीचा पत्र्याचा डबा. पोटाला 'डँपर', म्हणजे निखाऱ्यांच्या राखेत भाजलेली जाड भाकर. आपल्या रोडग्याच्या कुळातली. कामावरच्या माणसाचा आठवड्याचा शिधा रूढीने ठरलेला असे: १० पौंड पीठ, १० पौंड मांस, २ पौंड साखर आणि पाव पौंड चहा. वाटसरूला मात्र मालकाची मर्जी असेल तेवढे मिळे. काम मागावे लागू नये म्हणून मुद्दाम दिवस मावळताना पोहोचणाऱ्याला 'सनडाउनर' असे हिणवणारे नाव होते. स्टेशनवाले त्यालाही सहसा पीठ देत. त्यात औदार्य होते, तसा धाकही. वाळलेल्या गवतात एक जळती काडी पडायला वेळ लागत नाही.

काळही वाईट होता. १८९१ चा कातरणाऱ्यांचा मोठा संप मोडला गेला होता. १८९३ मध्ये बँका कोसळल्या. हंगरफर्डहून मावशीला लिहिलेल्या पत्रात लॉसन या मुलखाचे भयाण वर्णन करतो. तिथे काम नाही, अन्न अपुरे, आणि माणसे मागून खात कशीबशी जगत आहेत. त्यानंतर तो पुन्हा असा दूरचा पायी प्रवास करायला गेला नाही. मात्र या काही महिन्यांवर त्याचे पुढचे लेखन वर्षानुवर्षे पोसले गेले. 'व्हाइल द बिली बॉइल्स' हा संग्रह १८९६ मध्ये आला आणि वळकटीवाला ऑस्ट्रेलियाचा नायक झाला. १८९५ मध्ये पॅटरसनने 'वॉल्ट्झिंग माटिल्डा' लिहून त्याला गाणेही दिले होते. १९५८ मध्ये इतिहासकार रसेल वॉर्ड यांनी 'द ऑस्ट्रेलियन लेजंड' या ग्रंथात मांडले की, राष्ट्राची स्वभावप्रतिमा याच भटक्या मजुरांच्या वृत्तीतून घडली: समता, मैत्री, मालकापुढे न झुकणे.

ही दंतकथा खोटी आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. वाटेवर पाण्याची वाटणी खरीच होत असे आणि युनियनचे पत्र खिशात असलेला माणूस अनोळखी राहत नसे. तरी लॉसन स्वतः या मैत्रीविषयी भाबडा नव्हता. 'द युनियन बरीज इट्स डेड' या कथेत बुडून मेलेल्या एका तरुणाला युनियनचा माणूस म्हणून लोक पोहोचवायला जातात. त्याला ओळखणारे त्यांत कोणी नाही, आणि पुढे त्याचे खरे नाव कळते तेही निवेदक विसरून जातो. मैत्रीचे तत्त्व आहे; माणूस मात्र निसटून गेला आहे.

आणखी महत्त्वाचे आहे ते या चित्राच्या चौकटीबाहेर राहिलेले. बार्बरा बेंटनच्या 'बुश स्टडीज' (१९०२) मधील 'द चोझन व्हेसल' ही कथा याच वळकटीवाल्याची आहे. पण ती सांगितली आहे बंद दाराच्या आतून, जिथे एक बाई तान्ह्या मुलासह एकटी आहे. रस्त्यावरचा मोकळा पुरुष तिच्यासाठी मृत्यू होऊन येतो. चिनी मजूर आणि आचारी स्टेशनांवर राबत होते. त्यांना युनियनने दार बंद ठेवले. आणि ज्यांच्या भूमीवर ही स्टेशने उभी होती ते आदिवासी गुराखी वर्षानुवर्षे केवळ शिधा, कपडे आणि नाममात्र पैसे यांवर काम करत राहिले. २३ ऑगस्ट १९६६ रोजी नॉर्दर्न टेरिटरीतील वेव्ह हिल स्टेशनवरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंदजी लोक काम सोडून निघाले. मागणी मजुरीची वाटली, पण ती जमिनीची होती. १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली, तेव्हा ती अंशतः मान्य झाली.

इथे मला भेदाची खरी रेषा दिसते. लॉसन आणि गुरिंदजी गुराखी या दोघांच्या वाट्याला पीठ, चहा, ऊन आणि मालकाचा हुकूम आला. पण लॉसनला निघून जाता येत होते. त्याचे दारिद्र्य कथेत स्वातंत्र्यासारखे दिसते ते यामुळे. ज्याला निघून जायचे म्हणजे स्वतःच्या भूमीतूनच निघून जायचे, त्याच्या श्रमातून अशी दंतकथा जन्मत नाही.

हा इतिहास आता आपल्यापासून फार दूर राहिलेला नाही. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये तरुण परदेशी प्रवाशांसाठी काम-सुट्टीचा परवाना सुरू केला. २००५ पासून ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक काम केल्यास दुसरे वर्ष मिळू लागले. २०२४ मध्ये अठरा ते तीस वयोगटातील भारतीयांसाठी वर्षाला १,००० जागांची सोडत निघाली. त्यात मराठी मुले-मुलीही अर्ज करू शकतात. फळतोडणीत नगावर मजुरी घेणाऱ्याला किमान वेतनाची हमी मिळाली ती २०२२ च्या एप्रिलमध्ये. कातरणाऱ्यांनी १८९१ मध्ये दरासाठी संप केला होता, हे लक्षात घेतले की या तारखेचा अर्थ कळतो. आजचा प्रवासी मजूर वळकटीऐवजी बॅग घेऊन येतो आणि दिवस मोजतो. कारण भरलेल्या दिवसांच्या पुराव्यावर त्याचे पुढचे वर्ष अवलंबून असते. मालक वाईट निघाला तर तो जाऊ शकतो, पण मोजणी मध्येच तुटण्याची भीती त्याला अडवते.

म्हणून लॉसनची पाने विद्यार्थ्यांपुढे ठेवताना त्यातल्या मोकळ्या आकाशाबरोबर एक प्रश्नही ठेवावा: या शेतावरून उद्या सकाळी कोण निघून जाऊ शकतो, आणि निघताना त्याला काय मागे टाकावे लागते?