पालटत्या भिंती : '२९१' कलादालन आणि तुलनेचा प्रश्न

१

आधुनिक कलेच्या इतिहासात न्यूयॉर्कमधील '२९१' या छोट्या कलादालनाचा उल्लेख बहुधा दोन कारणांनी होतो. छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळवून देणाऱ्या चळवळीचे ते केंद्र होते, हे एक. आणि युरोपातील नव्या चित्रकलेचे कितीतरी नमुने अमेरिकेत प्रथम तेथे पाहावयास मिळाले, हे दुसरे. ही दोन विधाने सहसा लागोपाठ केली जातात. जणू पहिल्यातून दुसरे आपोआप निष्पन्न झाले. वस्तुतः त्या दोहोंमध्ये ताण आहे. जे दालन छायाचित्रांसाठी उघडले गेले, त्याच्याच भिंतींवरून चार-पाच वर्षांत छायाचित्रे जवळजवळ नाहीशी झाली. प्रस्तुत निबंधात या घटनेचा मागोवा घ्यावयाचा आहे. पालटत्या प्रदर्शनांचा क्रम हाच तुलनेचा एक प्रकार कसा ठरतो आणि अशा तुलनेत कोणाला नाव मिळते, कोणाला मिळत नाही, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

२

आल्फ्रेड स्टीगलिट्झ (१८६४–१९४६) याने १९०२ मध्ये 'फोटो-सेसेशन' हा छायाचित्रकारांचा गट स्थापन केला. 'सेसेशन' म्हणजे फुटून निघणे. म्युनिक, व्हिएन्ना येथील चित्रकारांनी प्रस्थापित कलासंस्थांपासून वेगळे होताना वापरलेला हा शब्द छायाचित्रकारांनी उसना घेतला, यातच त्यांची आकांक्षा स्पष्ट होते. १९०३ पासून 'कॅमेरा वर्क' हे त्रैमासिक निघू लागले आणि २४ नोव्हेंबर १९०५ रोजी फिफ्थ अव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या तीन लहान खोल्यांत, गटाचे दालन उघडले. एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकार-चित्रकाराची ती पूर्वीची कार्यशाळा. सर्वांत मोठी खोलीही पंधरा-सतरा फुटांपलीकडची नव्हती. भिंतींना साधे जाडेभरडे कापड लावलेले होते, प्रकाश सौम्य केलेला होता, आणि भिंतभर एकावर एक चौकटी टांगण्याची तत्कालीन रूढी सोडून चित्रे मोकळ्या अंतराने मांडलेली होती. ही मांडणी म्हणजे केवळ सजावट नव्हती. प्रत्येक छायाचित्र स्वतंत्रपणे पाहण्याजोगी कृती आहे, हा दावा शब्दांविना केलेला होता.

पहिल्या हंगामातील प्रदर्शने दर दोन-तीन आठवड्यांनी बदलत गेली. आरंभी गटाच्या सभासदांची छायाचित्रे, मग १९०६ च्या पूर्वार्धात देमाशी, प्युयो आदी फ्रेंच छायाचित्रकार, गर्ट्रूड केसेबिअर आणि क्लॅरेन्स व्हाइट, हिल व अ‍ॅडमसन यांच्या एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश छायाचित्रांसह ब्रिटिश छायाचित्रकार, स्टायकेन, आणि ऑस्ट्रिया-जर्मनीतील क्यून, हेनेबेर्ग, वाट्झेक. या क्रमाकडे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे त्यात बरेच काही आहे. विभागणी राष्ट्रवार आहे; परंतु हेतू राष्ट्रांची क्रमवारी लावण्याचा नसून, एक माध्यम अनेक देशांत कसे निरनिराळे बोलते हे दाखविण्याचा आहे. विश्वसाहित्याच्या कल्पनेचेच हे छायाचित्रणातील रूप म्हणता येईल.

३

१९०७ च्या जानेवारीत पॅमेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचे प्रदर्शन झाले. दालनातील हे पहिले छायाचित्रेतर प्रदर्शन. पुढे जानेवारी १९०८ मध्ये रोदँची रेखाटने, त्याच वर्षी एप्रिलमध्ये मातीस, आणि १९११ मध्ये सेझानचे जलरंग व पिकासोची रेखाटने येथे लागली. १९१० नंतर भरलेली छायाचित्रांची प्रदर्शने मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतात.

या बदलाचे स्टीगलिट्झकडे समर्थन होते. छायाचित्र म्हणजे काय हे कळण्यासाठी छायाचित्र काय नव्हे हेही शेजारी दिसले पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. दालन ही त्याच्या लेखी प्रयोगशाळा होती. फेब्रुवारी-मार्च १९१३ मध्ये 'आर्मरी शो' या भव्य प्रदर्शनातून नवी युरोपीय कला हजारो प्रेक्षकांपुढे आली, तेव्हा त्याने '२९१' मध्ये स्वतःची छायाचित्रे लावली, ती याच तर्काने. सारे शहर चित्रे पाहत असताना छायाचित्राने त्या कसोटीला उतरावे, हा त्यामागील विचार होता. तुलना येथे एकाच भिंतीवर नव्हे, तर दोन ठिकाणांमध्ये आणि एकामागून एक येणाऱ्या आठवड्यांमध्ये घडते. प्रेक्षकाने मागील प्रदर्शन स्मरणात ठेवून पुढचे पाहावे, अशी ही वाचनपद्धती आहे.

'कॅमेरा वर्क'नेही हीच पद्धती अंगीकारली. बर्गसाँ व कांडिन्स्की यांच्या लेखनातील उतारे त्यात आले. ऑगस्ट १९१२ च्या विशेषांकात गर्ट्रूड स्टाइनची मातीस आणि पिकासो यांच्यावरील शब्दचित्रे प्रथम प्रसिद्ध झाली. छायाचित्रणाच्या नियतकालिकाने एका नव्या गद्यशैलीला आश्रय द्यावा, ही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लहान घटना नव्हे. 'अभिरुची' किंवा 'सत्यकथा' यांच्या इतिहासातून मराठी अभिरुचीचा इतिहास वाचणाऱ्या अभ्यासकाला, संपादन हे निर्मितीचेच एक अंग असते हे निराळे सांगावयास नको.

४

मात्र या प्रयोगाची किंमत कोणीतरी चुकविली. व्याख्येच्या शोधात निघालेल्या दालनाला छायाचित्रण हा पेशा म्हणून जगणाऱ्यांशी जुळवून घेता आले नाही. केसेबिअर व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय करून उपजीविका करीत असे. स्टीगलिट्झला कलेतील व्यवसाय अमान्य होता. त्याची स्वतःची उपजीविका छायाचित्रांवर अवलंबून नव्हती, हे या तत्त्वनिष्ठेचे मोजमाप करताना विसरता येत नाही. १९१२ मध्ये केसेबिअर गटातून बाहेर पडली. व्हाइटनेही वेगळी वाट धरली; १९१४ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रणाची शाळा काढली. डोरोथिआ लँग आणि मार्गारेट बर्क-व्हाइट या त्याच्याच विद्यार्थिनी. १९३० नंतरच्या अमेरिकन छायाचित्रणाची एक महत्त्वाची परंपरा अशी '२९१' च्या नव्हे, तर तेथून दूर गेलेल्यांच्या हातून घडली.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये दालनात आफ्रिकेतील काष्ठशिल्पांचे प्रदर्शन भरले. मारिउस दे सायास याने ती शिल्पे पॅरिसमधून आणली होती. ती वांशिक संग्रहातील वस्तू म्हणून नव्हे तर कलाकृती म्हणून मांडली गेली, हे त्या काळी धाडसाचे होते. परंतु शीर्षकात शिल्पकारांना 'रानटी' म्हटले होते आणि त्यांच्या कृतींना आधुनिक कलेचे 'मूळ'. एकाच वाक्यात गौरव आणि अवहेलना. रोदँ, मातीस, ब्रांकुशी ही नावे दालनाला ठाऊक होती. या शिल्पकारांची नावे कोणी विचारली नव्हती. वसाहतवादी व्यापाराच्या वाटेने आलेल्या या वस्तूंना युरोपीय कलेच्या वंशावळीत पूर्वजांचे स्थान मिळाले. समकालीनांचे मिळाले नाही. मूळ ठरविणे म्हणजे भूतकाळात ढकलणे, हे येथे स्पष्ट दिसते.

याच सुमारास 'कॅमेरा वर्क'ने '२९१' म्हणजे काय, या प्रश्नावर आलेली उत्तरे एका अंकात छापली. कलावंत व समीक्षक यांच्या बरोबरीने इमारतीचा लिफ्ट चालविणाऱ्या हॉज कर्नन याचेही उत्तर त्यात आहे. कर्नन कृष्णवर्णीय, वेस्ट इंडीजमधून आलेला. जे दालन आफ्रिकी शिल्पकाराला नाव देऊ शकले नाही, त्याने आपल्या दारातल्या माणसाला नावानिशी लेखक केले. या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढीत नाहीत. कोणत्याही उदार संस्थेची दृष्टी जेथवर पोहोचते आणि जेथे थांबते, त्या दोन्ही सीमा त्या एकत्र दाखवितात.

५

जागेची कथाही उद्‌बोधक आहे. १९०८ मध्ये घरमालकाने भाडे दुप्पट केल्यावर मूळ खोल्या सोडाव्या लागल्या. पॉल हॅविलँड याच्या आर्थिक हमीवर त्याच मजल्यावर समोरची, वस्तुतः २९३ क्रमांकाच्या इमारतीतील, जागा मिळाली. नाव मात्र '२९१' च राहिले. आरंभी हजाराच्या आसपास असलेले 'कॅमेरा वर्क'चे वर्गणीदार अखेरीस चाळिसाच्याही खाली आले. अमेरिकेने महायुद्धात प्रवेश केला त्या १९१७ मध्ये जॉर्जिया ओकीफच्या चित्रांचे शेवटचे प्रदर्शन झाले आणि दालन बंद पडले. नियतकालिकाचा अखेरचा जोडअंक पॉल स्ट्रँडच्या छायाचित्रांना वाहिलेला होता. चित्राचा आव न आणता रस्त्यावरच्या माणसांना सरळ सामोरी जाणारी ती छायाचित्रे होती. दीर्घ वळसा घेऊन दालन छायाचित्राकडे परतले, पण परतल्यावरचे छायाचित्र निघतानाच्या छायाचित्राहून वेगळे होते.

या इतिहासाला एक भारतीय धागाही आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात १९१७ पासून भारतीय कलाविभाग सांभाळणाऱ्या आनंद कुमारस्वामी यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये स्टीगलिट्झची सत्तावीस छायाचित्रे त्या संग्रहालयात दाखल झाली. कलाकृती हे दर्जाचे बिरुद नसून पाहण्याची रीत आहे, हे वसाहतकालीन समजुतींविरुद्ध भारतीय शिल्पाच्या बाजूने मांडणाऱ्या विद्वानाने यंत्राने घडविलेल्या चित्रासाठी दार उघडावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही ठिकाणी वाद एकच होता : एखाद्या गोष्टीची योग्यता ठरविण्याची कसोटी कोणाची?

तौलनिक अभ्यासाला '२९१' पासून घ्यावयाचा बोध याच प्रश्नाशी निगडित आहे. शेजारी काय ठेवले, कोणत्या क्रमाने ठेवले आणि त्यावर कोणती पाटी लावली, यांतूनच बरीचशी तुलना आधी होऊन गेलेली असते. विवेचन मागाहून येते. आपले अभ्यासक्रम, अनुवादमाला आणि संपादित ग्रंथ ही देखील पालटती दालनेच होत. तेथे कोण 'समकालीन' म्हणून येतो आणि कोण केवळ 'मूळ' किंवा 'प्रभाव' म्हणून, हे तपासल्याशिवाय तुलनेचे काम पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.