स्टिरॉइडयुक्त मलमे : उपयोग आणि धोके

इसब, सोरायसिस, स्पर्शजन्य त्वचादाह यांसारख्या विकारांत त्वचेचा दाह शमविण्यासाठी स्टिरॉइडयुक्त मलमे वापरली जातात. अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाशी ही औषधे साधर्म्य राखतात. १९५२ मध्ये अमेरिकेतील सुल्झबर्गर व विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावल्याने गुण येतो, हे दाखवून दिले.

कार्य : दाह निर्माण करणाऱ्या रसायनांची निर्मिती ही औषधे रोखतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे लाली, सूज व खाज कमी होते. मात्र मूळ कारण नाहीसे होतेच असे नाही.

तीव्रता : हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, मोमेटासोन व बीटामेथासोन अधिक प्रभावी, तर क्लोबेटासॉल अतितीव्र मानले जाते. चेहरा, पापण्या व जांघेतील त्वचा पातळ असल्याने तेथे औषध अधिक शोषले जाते. तळहात व तळपायांच्या जाड त्वचेला तीव्र औषध लागू शकते. लहान मुलांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक असते.

प्रमाण : प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते. दोन तळहातांएवढ्या भागास ते पुरते.

दुष्परिणाम : प्रदीर्घ वापराने त्वचा पातळ होते, पांढरट चट्टे व ताणाचे व्रण उमटतात, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे येतात. डोळ्यांभोवती सतत लावल्यास काचबिंदू वा मोतीबिंदूचा धोका संभवतो. गोरेपणासाठी अशी मलमे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावणाऱ्यांना ती थांबविताच लाली व आग यांचा त्रास सुरू होतो. मग पुन्हा तेच मलम लावले जाते आणि हे चक्र सुटत नाही.

नायट्यावर स्टिरॉइड लावल्यास खाज तात्पुरती थांबते, परंतु बुरशी पसरत राहते आणि नायट्याचे नेहमीचे रूप बदलल्याने निदानही कठीण होते. बुरशीनाशक, प्रतिजैविक व स्टिरॉइड यांची मिश्रणे भारतात सर्रास वापरली गेल्याने हा प्रश्न गंभीर झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशा अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरीही दुकानदाराच्या वा शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मलम आणण्याची सवय गेलेली नाही.

योग्य निदान, योग्य तीव्रता व ठरावीक मुदत पाळल्यास ही मलमे सुरक्षित व गुणकारी आहेत. दीर्घकाळ वापरलेले मलम मात्र एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच थांबवावे.