फिरऔनच्या रिकाम्या नावा

भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला ‘पॅटर्न’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आधी लाकडी नमुना, मग त्यावरून खरी वस्तू. प्राचीन इजिप्तच्या लोकांचा परलोकाचा हिशेबही असाच होता. थडग्यात लाकडाची छोटी नाव ठेवली, की मेलेल्याला पुढच्या जगात खरी नाव मिळते, अशी त्यांची श्रद्धा.

फिरऔन म्हटले की आपल्याला हजरत मूसांचा शत्रू आठवतो. पण ती मिसरच्या अनेक बादशहांची पदवी. त्यांपैकी तूतनखामेन सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी ऐन तारुण्यात वारला. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला त्याची कबर सापडली. तीत ३५ लहान नावा निघाल्या. काहींना डोलकाठी, शिडे, दोरखंड, सारे काही. नवल असे, की त्या रिकाम्या आहेत. सेवाचाकरीसाठी ४१३ बाहुल्या वेगळ्या ठेवलेल्या, पण नावेत खलाशी नाही. त्याच्याही सहा-सातशे वर्षे आधीच्या मेकेत्रे या राजअधिकाऱ्याच्या नावा १९२० साली मिळाल्या. त्यांत मात्र लाकडी वल्हेकरी ओळीने बसले आहेत.

मृतांसाठी नाव कोरण्याची रीत आपल्या किनाऱ्यावरही दिसते. पण ती दगडात, आणि प्रवासासाठी नव्हे, आठवणीसाठी. बोरिवलीत एकसर येथे वीरगळ उभे आहेत. त्यांवर उंच नाळेची गलबते आहेत, एका रांगेत वल्ही आहेत, वर धनुर्धारी लढत आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात १२६५च्या सुमारास समुद्रावर युद्ध झाले व सोमेश्वर बुडाला. त्या युद्धाशी या शिळांचा संबंध जोडला जातो. काही अभ्यासक त्या अधिक जुन्या मानतात.

काळ कोणताही असो, पाथरवटाने वल्ही विसरली नाहीत. वल्ही आली म्हणजे वल्हवणारे हात आले. मात्र त्या हातांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही.

कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत खलाशी, तांडेल, सारंग होऊन गेले. त्यांच्या जहाजाचे नाव घरात कुणाला तरी आठवते. त्यांच्याबरोबर वल्हे मारणाऱ्याचे आठवत नाही. राजाची नाव जपायला कबर होती, संग्रहालये आहेत. आपल्या माणसांची नावे जपायला घरातली म्हातारी माणसेच आहेत. ती आहेत तोवर विचारून घ्यावे, आणि लिहून ठेवावे.