पॅच : एका वायरीची कुळकथा

वर्ध्यातल्या माझ्या टेबलावरच्या जुन्या लॅपटॉपवर ‘प्युअर डेटा’ हा आवाज घडवणारा प्रोग्रॅम उघडला की समोर कोरं पान येतं. त्यावर चौकोन मांडायचा, ‘ऑस्क’ लिहायचं, पुढे नागमोडी खूण. ती खूण म्हणजे इथून अखंड आवाज वाहतो. शेजारी १३८.६ हर्ट्झ हा आकडा, म्हणजे काळी एकचा षड्ज. खाली स्पीकरचा चौकोन. दोघांत माउसनं रेघ ओढली की सूर लागतो. या मांडणीला म्हणतात पॅच. शब्दाचा साधा अर्थ ठिगळ, पण इथे तो आला वायरीवरून.

१९६०च्या दशकात मूग आणि बुकला यांची सिंथेसायझर यंत्रं आली. त्यांचे भाग सुटे असत. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या दोन टोकांना पिना असलेल्या वायरी खोचून ते जोडायचे. ही जोडणी म्हणजे पॅच. असं मूग यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी बसवलं. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. अडचण एकच: वायरी उपसल्या की जोडणी गेली.

पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत १९८०च्या दशकात मिलर पकेट यांनी त्याच वायरी मॅकिंटॉशच्या पडद्यावर काढल्या. आता जोडणी जपून ठेवता येऊ लागली. फिलिप मानुरी यांच्या ‘प्लुटॉन’ या रचनेसाठी १९८८ साली ही पडद्यावरची जोडणी वापरली गेली. या प्रोग्रॅमचं नाव ‘मॅक्स’, १९५७ साली संगणकाकडून १७ सेकंदांची धून वाजवून घेणाऱ्या मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून. मॅक्स विकत मिळू लागला. पुढे १९९६ साली पकेट यांनीच प्युअर डेटा काढला, फुकट आणि खुला.

दोघं भाऊ दिसायला सारखे, पण एका चौकोनातून दोन रेघा निघाल्या तर आधी कोणती? मॅक्स पडद्यावर उजवीकडे असलेली घेतो, प्युअर डेटा आधी ओढलेली. त्यामुळे प्युअर डेटात हुबेहूब दिसणारे दोन पॅच वेगळे वागू शकतात. नवख्याची रात्र यातच जाते. ‘ट्रिगर’ नावाचा चौकोन मध्ये घातला की क्रम पक्का होतो. मॅक्स अधिक देखणा आणि शिकायला सोपा, हे मान्य. तरी वर्ध्यातल्या मुलांच्या हाती मी प्युअर डेटाच देईन. ऑक्टोबर १९३७मध्ये याच गावच्या परिषदेतून नई तालीम निघाली, हातानं करत शिकण्याची. त्यासाठी साधन परवडणारं हवं आणि उघडून पाहता येणारं हवं.

सध्या मी तंबोरा जुळवतोय. पंचम १०४, दोन जोड, खर्ज ६९.३. एक जोड १३८.६, दुसरी मुद्दाम १३८.९ ठेवली, की दर तीनेक सेकंदांनी आवाज हळूच फुगतो आणि ओसरतो. पण सूर कोराच राहतो, कारण त्यात जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झिणझिण, नाही. खऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकवत कानानं जागा शोधायची. त्या दोऱ्याच्या जागी कोणता चौकोन बसेल, ते शोधत रोज रात्री रेघा ओढतो, पुसतो.