हुसेनसागर : शहराआधीचे तळे

हैदराबाद शहर वसले १५९१ मध्ये. हुसेनसागर त्याच्या सुमारे तीस वर्षे आधीचा. चारमिनारचा पहिला दगड बसला तेव्हा हे तळे भरलेले होते. आपण त्याला शहरातले तळे म्हणतो, पण खरे पाहता शहरच वाढत वाढत त्याच्या काठाला येऊन मिळाले. मनमाडच्या गाडीने काचीगुड्याला उतरलेली, शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी मराठवाड्यातून आलेली आपली कुटुंबे त्या मानाने अगदी अलीकडची. तरीही दरवर्षी बाप्पाला निरोप द्यायला आपण जिथे जातो त्या पाण्याची कुळकथा आपल्याला ठाऊक असायला हवी.

गोवळकोंड्याचा चौथा सुलतान इब्राहिम कुली कुतुबशाह याच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास, हे तळे बांधून झाले. काम पाहिले ते हजरत हुसेन शाह वली यांनी. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदे नवाजांच्या वंशातले हे सूफी सत्पुरुष सुलतानाचे जावई होते आणि बांधकामाचे जाणकारही. मुसी नदीचे पाणी कालव्याने आणून या तळ्यात सोडले होते. काठावर संध्याकाळी हवा खायला जाणाऱ्यांना सहसा लक्षात येत नाही, पण हा निसर्गाने दिलेला जलाशय नाही. तो माणसांनी, गरजेपोटी, हिशेबाने बांधलेला आहे.

नावाची एक दंतकथा जुन्या शहरात अजून सांगतात. तळे पुरे झाल्यावर सुलतान पाहायला आला आणि मजुरांना विचारता झाला, "हे तळे कोणाचे?" मजूर म्हणाले, "हुसेन साहेबांचे." खजिना आपला आणि नाव जावयाचे! सुलतानाच्या मनाला ते लागले. मग त्याने दूर दुसरे तळे खोदवले आणि त्याला आपले नाव दिले. तेच इब्राहिमपट्टणचे तळे. गोष्ट खरी की रचलेली हे बाजूला ठेवू. पैसा ओतणाऱ्यापेक्षा उन्हात उभे राहून काम करवून घेणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते, एवढे तिच्यात नक्की आहे.

दुसरी श्रद्धा बांधाच्या खालच्या अंगाला भेटते. लोअर टँकबंडवर कट्टा मैसम्माचे देऊळ आहे. तेलुगूत 'कट्ट' म्हणजे बांध; आपल्या मराठीत कट्टा म्हणजे बसून गप्पा मारायची जागा. तेलंगणात तळ्याच्या बांधावर मैसम्मा असायचीच. बांध फुटू नये, गाव वाहून जाऊ नये म्हणून तिची राखण. आपल्याकडे विहिरीच्या काठी, नदीच्या डोहापाशी साती आसरांना शेंदूर लावून हळदकुंकू वाहतात, त्याच्याच जवळचा हा भाव आहे. सुफी संताने बांधलेला बांध आणि तो राखणारी ग्रामदेवता, अशी या तळ्याची घडण आहे.

१८०६ मध्ये निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून तळ्यापलीकडच्या इंग्रजी छावणीला सिकंदराबाद हे नाव मिळाले. एका अंगाला निजामाचे हैदराबाद, दुसऱ्या अंगाला छावणीचे सिकंदराबाद आणि दोन्ही जोडणारा रस्ता म्हणजे बांध. या काळात हुसेनसागराचे पाणी लोक पीत होते. या गोष्टीवर आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण तळ्याच्या इतिहासातले खरे वळण इथेच आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. पुन्हा असे होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर बांधून झाले. पूर आटोक्यात आला, शहराला प्यायला भरपूर पाणी मिळाले आणि हळूहळू हुसेनसागराची गरज उरली नाही. ज्या पाण्याने आपली घागर भरते त्यात कोणी घाण टाकत नाही, टाकू लागला तर चार माणसे हटकतात. घागरी थांबल्या तशी हटकणारी माणसेही गेली. पुढे सनतनगर, बालानगर, जीडीमेटला या भागांत कारखाने उभे राहिले, वस्त्या वाढल्या आणि त्यांचे सांडपाणी नाल्यांतून तळ्यात येऊ लागले. त्यात कुकटपल्लीच्या नाल्याचा वाटा मोठा.

पाणी असे बिघडत असताना काठ मात्र सजत गेला. स्वातंत्र्याच्या सुमारास सर मिर्झा इस्माईल यांनी बांधावरचा रस्ता रुंद केला. १९८६ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या काळात तेलुगू थोरांचे पुतळे बांधावर ओळीने उभे राहिले. त्यांत कुंभाराच्या घरी जन्मून तेलुगूत रामायण रचणारी मोल्ल आहे. मराठी माणसाला तिच्यापुढे गोरोबाकाकांची आठवण होते.

तळ्यातल्या बुद्धमूर्तीची कहाणी विसरता येत नाही. रायगीरच्या एकाच पाषाणातून गणपती स्थपती आणि त्यांच्या कारागिरांनी ही मूर्ती घडवली. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना ती कलंडून तळाशी गेली आणि काही कामगारांचा जीव गेला. अडीच वर्षांहून अधिक काळ मूर्ती पाण्याखाली होती. १ डिसेंबर १९९२ रोजी ती वर काढून मधल्या खडकावर उभी केली गेली. आज पाहुण्यांना होडीतून आपण तिथे नेतो तेव्हा त्या कामगारांचीही आठवण ठेवावी. काठावर १४ एप्रिल २०२३ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा उभा राहिला. त्याचे शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार.

आणि गणपती. खैरताबादचा गणपती १९५४ मध्ये एक फुटाचा होता. दरवर्षी फूटभर वाढत २०१४ मध्ये तो साठ फुटांचा झाला. शहरभरच्या मूर्ती, प्लास्टरच्या आणि रासायनिक रंगांच्या, याच पाण्यात येऊ लागल्या. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती हुसेनसागरात विसर्जित करण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती, शेवटची म्हणून, सवलत दिली. २०२२ मध्ये खैरताबादची मूर्ती मातीची झाली. एवढी मोठी मूर्ती मातीची होऊ शकते, तर घरातली हातभर उंचीची मूर्ती नक्कीच होऊ शकते.

या विषयावर दोन टोकांची भांडणे ऐकू येतात. एक म्हणतो, सगळे प्रदूषण विसर्जनामुळेच. दुसरा म्हणतो, नाले बारा महिने वाहतात, मग आमच्या दीड दिवसाच्या गणपतीलाच का बोल? दुसऱ्याचे म्हणणे खोटे नाही. तळ्याला जास्त इजा नाल्यांनी केली. पण त्यामुळे आपला वाटा माफ होत नाही. शिवाय आपली परंपरा पार्थिव गणेशाची, म्हणजे मातीच्या मूर्तीची आहे. माती पाण्यातून येते, दहा दिवस देव होते आणि पाण्यात परत जाते. जे विरघळत नाही आणि दुसऱ्या दिवशी क्रेनने उचलावे लागते, त्याला विसर्जन म्हणावे का, हा प्रश्न धर्माचाच आहे.

आम्हाला वाटते, या तळ्याला पाहुणे पुष्कळ आहेत, घरचे माणूस कोणी नाही. पाणी पिणारे होते तेव्हा ते सगळ्यांच्या घरचे होते. आता ते पाणी प्यायचे दिवस परत येणार नाहीत. पण शाडूची मूर्ती, घरच्या बादलीतले किंवा कृत्रिम कुंडातले विसर्जन, निर्माल्याची वेगळी टोपली आणि आपल्या वस्तीतला नाला कुठे जातो याची वर्षभर ठेवलेली चौकशी, एवढे आपल्या हातात आहे. चार पिढ्या या शहरात राहून आपण इथले झालो. ज्या पाण्याच्या काठाला हे शहर येऊन मिळाले, त्याचे हटकणारे होणे हाही त्याचाच भाग आहे.

गणपती बाप्पा मोरया!