न्हाण ते पिशवी : स्त्रीदेहाविषयीचे वाद आणि उशिरा झालेली तपासणी

मुलीच्या पहिल्या पाळीसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. न्हाण येणे, पदर येणे, मोठी होणे, शहाणी होणे. त्यामागून मखर, ओट्या, गोडधोड, वाजंत्री आणि मग फलशोभन. गर्भारपणालाही शब्दांचा थाट आहे: चोरओटी, डोहाळे, डोहाळजेवण, बाळंतविडा. चाळिशी-पन्नाशीत पाळी थांबते त्या घटनेसाठी मात्र बोलीत शब्द शोधावा लागतो. ‘रजोनिवृत्ती’ हा पुस्तकातला शब्द. माझी आजी ‘विटाळ गेला’ एवढेच म्हणे, आणि तेही सुटका झाल्यासारखे. समाजाला स्त्रीच्या देहात कुठवर रस होता, हे या शब्दांच्या वाटणीवरून बरेचसे कळते.

संमतिवयाच्या वादाचा अभ्यास करताना मला ही वाटणी पुन्हा पुन्हा आठवत राहिली. १८९०-९१ साली पुण्या-मुंबईतल्या विद्वानांनी मुलीच्या पहिल्या पाळीवर जेवढी शाई खर्च केली, तेवढी त्याआधी किंवा नंतर कधी झाली नसेल. हा वाद आपण सुधारक विरुद्ध सनातनी, किंवा आगरकर विरुद्ध टिळक असा वाचत आलो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या शरीराबद्दल सारे भांडत होते, ते शरीर पाहिलेली माणसे त्या भांडणात जवळजवळ नव्हती. जी थोडी होती, त्यांचे म्हणणे आपल्या इतिहासात तळटीपेपुरते उरले.

१८६० च्या दंडसंहितेने मुलीचे संमतिवय दहा ठरवले होते. विवाहितेलाही तेच लागू. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींनी बालविवाहावरची आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईविरुद्ध दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नांदायला जायचे नाकारले होते. १८८८ मध्ये पैशांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. मग १८९० मध्ये कलकत्त्याचा खटला गाजला. फुलमणी ही दहा वर्षे ओलांडलेली, बहुधा अकरा वर्षांची मुलगी, तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली. ती दहाच्या वर होती, त्यामुळे कायद्याच्या लेखी तो बलात्कार ठरेना. निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याबद्दल हरिमोहन मैतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ९ जानेवारी १८९१ रोजी अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवय दहावरून बारा करणारे विधेयक मांडले आणि १९ मार्चला ते मंजूर झाले.

या सव्वादोन महिन्यांत पुण्यात जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. विरोधकांचा मुख्य मुद्दा गर्भाधानाचा होता. पहिला ऋतू आल्यावर सोळा दिवसांच्या आत हा संस्कार व्हावा अशी शास्त्राज्ञा. मुलीला बाराच्या आत न्हाण आले तर कायदा धर्माच्या आड येणार. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे दाखवले की हा संस्कार पहिल्याच ऋतूत करण्याची सक्ती नाही. टिळकांनी उत्तर दिले, भांडारकरांनी प्रत्युत्तर. टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, मुलींची लग्ने सोळापर्यंत आणि मुलांची विसापर्यंत करू नयेत अशी स्वेच्छेची प्रतिज्ञा त्यांनीच १८९० मध्ये सुचवली होती. त्यांचा विरोध परक्या सरकारने कायदा करण्याला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते खरेही आहे. पण त्यासाठी त्यांनी जो युक्तिवाद निवडला, त्यात मुलीचे शरीर पहिल्या ऋतूपाशी पूर्ण होत होते. गंमत अशी की कित्येक सुधारकांनाही तेच मान्य होते. आकड्याऐवजी ऋतुप्राप्ती हीच मर्यादा धरा, असा एक पर्यायही पुढे आला होता. म्हणजे न्हाण आले की मुलगी तयार, हे गृहीत दोन्ही बाजूंना समान. तंटा फक्त तारखेचा.

या गृहीताला उत्तर घरातच होते. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असे सांगितले आहे. तीच संहिता सोळा वर्षांखालच्या स्त्रीला गर्भ राहू नये असे बजावते. राहिला तर तो पोटात दगावतो, किंवा जन्मलेले मूल अल्पायुषी वा दुर्बळ निपजते. म्हणजे सुश्रुताच्या हिशेबात पाळी येणे आणि मूल होण्याजोगे होणे यांत निदान चार वर्षांचे अंतर आहे. सुधारकांनी हे वचन पुढे केले. विरोधकांनी ते वैद्यकाचे आहे, धर्माचे नाही, असे म्हणून बाजूला सारले. माझ्या मते त्या वर्षातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होता आणि तो असा दोन वाक्यांत निकालात निघाला.

आजच्या शरीरशास्त्राने या अंतराचे कारण स्पष्ट केले आहे. मुलीची उंची सर्वांत वेगाने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. पाळी येते तेव्हा तो वेग उतरणीला लागलेला असतो, पण वाढ संपलेली नसते. त्यानंतरही सहसा पाचसात सेंटिमीटर उंची वाढते. कटीच्या हाडांची वाढ उंचीच्याही मागून होते. मूल ज्या वाटेने बाहेर येते ती हाडांची चौकट पहिल्या पाळीनंतर आणखी काही वर्षे रुंदावत राहते, आणि तिचे सांधे पुरते जुळून यायला विशीपर्यंतचा काळ लागतो. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतल्या बऱ्याच पाळ्यांत तर बीजही सुटत नाही. रक्त दिसते, एवढेच. तेरा वर्षांच्या मुलीला गर्भ राहिला तर बाळाचे डोके त्या अरुंद वाटेत अडकते. दोन-दोन, तीन-तीन दिवस कळा चालतात. डोक्याच्या दाबाखाली मूत्राशय आणि योनी यांच्यामधला पडदा रक्तावाचून मरतो, आणि काही दिवसांनी तिथे भोक पडते. मूल बहुधा मेलेलेच जन्मते. मुलगी जगली तर तिची लघवी रात्रंदिवस गळत राहते, आणि अशा मुलीला घरात कुठे बसवतात हे सांगायला नको.

हे पाहणाऱ्या बायका १८९० मध्ये होत्या. मुंबईत १८८६ साली सुरू झालेल्या कामा रुग्णालयात एडिथ पीची काम करत होत्या. रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत त्या होत्या, आणि १८९० मध्ये मुंबईच्या हिंदूंना उद्देशून त्यांनी बालविवाहावर जाहीर भाषण केले. त्याच सुमारास लखनौच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. मागणी चौदा वर्षांची होती, बाराची नव्हे. अर्जाला स्वतः पाहिलेल्या मुलींची यादी जोडलेली होती. प्रत्येकीपुढे वय आणि दुखापत: निखळलेले मांडीचे हाड, चिरडलेली कटी, फाटलेले अवयव, मृत्यू. त्या अर्जात धर्मशास्त्राचा वाद नव्हता. सरकारने यादी वाचली आणि वय बाराच ठेवले. पुढे कॅथरिन मेयोने १९२७ मध्ये ‘मदर इंडिया’त ही यादी छापली, आणि त्या पुस्तकावर देशभर इतका संताप उसळला की यादीतल्या मुली पुन्हा एकदा बाजूला पडल्या. मेयोचा हेतू वाईट होता हे मान्य. त्या मुलींचा काय दोष?

आनंदीबाई जोशी या यादीत नव्हत्या, पण त्यांची गोष्ट त्याच जातीची. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत बाळ गेले. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. वर्षभरात, बावीस पूर्ण व्हायच्या आधीच, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. त्या जगत्या तर १८९१ च्या वादात एका मराठी बाईचा आवाज डॉक्टर म्हणून आणि अनुभवातून, दोन्ही नात्यांनी ऐकू आला असता.

कायदा कागदावर राहिला. १९२८-२९ मध्ये मोरोपंत जोशी समितीने देशभर साक्षी घेतल्या तेव्हा असा काही कायदा आहे हेच बहुतेकांच्या गावी नव्हते. त्यानंतर १९३० च्या एप्रिलपासून शारदा कायद्याने मुलीचे लग्नाचे वय चौदा केले. पंचावन्न डॉक्टरांचा आकडा गाठायला चाळीस वर्षे लागली. १९४९ मध्ये पंधरा, १९७८ मध्ये अठरा.

मधल्या काळात रघुनाथ धोंडो कर्वे एकटे लढत होते. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमन केंद्र काढले, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून एवढेच नोंदवतो की १९३४ चा खटला वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला आणि त्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला. लोक पत्रातून विचारत होते ते सभागृहाला ऐकायचे नव्हते.

लोकांना विचारून, तपासून, मोजून काढायचे काम त्यानंतर अर्ध्या शतकाने गडचिरोलीत झाले. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या काही तेरा-चौदा वर्षांच्या मुली होत्या, काही पाळी केव्हाच गेलेल्या म्हाताऱ्या. बाळंतपणाच्या वयातल्या तेवढ्याच निवडलेल्या नव्हत्या, आणि हेच त्या अभ्यासाचे वेगळेपण. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: ९२ टक्के स्त्रियांना निदान एक स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी ३.६. त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. जवळजवळ निम्म्या जणींनी काही त्रास असल्याचे सांगितलेच नव्हते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे हे बाईच्या जन्माला चिकटलेलेच, असे त्यांना वाटत होते. तोवर सरकारी आरोग्यसेवेला बाई दिसत होती ती गरोदर असताना किंवा नसबंदीच्या वेळी.

आजीच्या भाषेत ज्या टप्प्याला नाव नव्हते, त्याची चर्चा महाराष्ट्रात जोरात झाली ती २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यामुळे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा आणि खाड्याचा दंड. फडात ना आडोसा ना पाणी. पाळीचे चार दिवस, पांढरे जाणे, दुखणे या सगळ्याचा हिशेब खाड्यात होतो. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले की पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. सहा जणींत जवळपास एक. पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या.

गर्भाशय काढले की पाळी कायमची थांबते. अंडाशयही काढले तर दहा-पंधरा वर्षांनी यायची ती रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे असते ते त्याच हाडांवर. समितीसमोरच्या माहितीतून आणि पत्रकारांनी घेतलेल्या मुलाखतींतून या बायका डॉक्टरकडे मुळात कशासाठी गेल्या हेही कळते. त्या म्हणतात, ‘पिशवी काढली’. आणि त्याआधीची तक्रार विचारली की बऱ्याच जणी सांगतात: अंगावरून पांढरे जात होते, ओटीपोट दुखत होते. गडचिरोलीच्या दोन गावांत त्याच्या तीस वर्षे आधी याच तक्रारींची नोंद झाली होती, आणि त्यातल्या पुष्कळ जणींना आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी बरे करता येत होते.